मागल्या माणसाची गाडी

बाबांच्या गाडीवर मागे बसले की माझं कपाळ त्यांच्या पाठीवर कधी आपटलं नाही. लहानपणी यात काही विशेष आहे असं वाटायचं नाही. एकदा शेजारच्या काकांच्या स्कूटरवरून फोंड्याला गेले, आणि दर दोन मिनिटांनी नाक त्यांच्या शर्टात घुसायला लागलं. गाडी थांबताना मागच्याचं डोकं जागेवर राहणं आपोआप होत नाही, ते कुणीतरी सांभाळावं लागतं, हे त्या दिवशी कळलं.

बाबा मोटरसायकल पायलट होते. गोव्यात राहणाऱ्याला हे सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते: आमच्याकडे मोटरसायकल हीसुद्धा टॅक्सी असते. पुढचं मडगार्ड पिवळं, मागच्या सीटवर भाडं, आणि चालवणारा तो पायलट. पणजीच्या बसस्टँडवर बाबा पस्तीसेक वर्षं उभे राहिले, आधी राजदूत घेऊन आणि नंतर हिरो होंडा. मागे कोण बसेल याचा नेम नसे. कधी कोर्टात तारखेला आलेला म्हातारा, कधी म्हापशाच्या आझिलो इस्पितळात दाखल झालेल्या नातेवाईकासाठी डबा घेऊन निघालेली बाई, कधी आयुष्यात पहिल्यांदा मोटरसायकलवर बसलेला पाहुणा. त्यातल्या निम्म्यांना कुठे धरायचं तेही ठाऊक नसायचं. अशा माणसाला घेऊन जोरात ब्रेक मारला तर तो पुढे येऊन चालवणाऱ्याच्या अंगावर आदळतो, हातांवर भार पडतो, हँडल हलतं. म्हणून बाबांच्या हाताला एक वळण पडलं होतं. रेस हळूहळू वाढायची, हळूहळू उतरायची. गिअर बदलल्याचं मागच्याला कळता कामा नये. ब्रेक पकडायचा नाही, पिळायचा. भिजलेला कपडा पिळतात तसा, सुरुवातीला हलका आणि मग घट्ट.

मी गाडी शिकायला लागले तेव्हा त्यांनी मला एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकवलं. "बाय, गाडी तुजी न्हय, मागल्या मनशाची." मागे कुणी बसलेलं नसलं तरी.

हे वाक्य पावसासाठी आहे, हे मला बरंच उशिरा समजलं. ओल्या रस्त्यावर टायरला जेवढी पकड मिळते तेवढ्यातच सगळं भागवायचं असतं: वळणं, थांबणं, वेग वाढवणं. एकदम ब्रेक दाबला, एकदम रेस पिळली, वळताना एकदम कलंडलं, की ती पकड एका क्षणात संपते आणि चाक सरकतं. पण तेच काम एक-दीड सेकंदात पसरून केलं तर तेवढीच पकड पुरते. मागच्या माणसाला धक्का लागू नये म्हणून जे करायचं, नेमकं तेच ओल्या रस्त्यावर टायरसाठी करायचं असतं. पायलट लोक कुणी पुस्तक वाचून हे शिकले नव्हते. भाडं परत आलं पाहिजे, एवढ्या एका गरजेतून त्यांचे हात शिकत गेले.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या माशेलच्या घरात आई पुरुमेंत भरायची. सुकी मासळी, सोलं, चिंच, मिरच्या, कांद्यांच्या माळा, उकडे तांदूळ. चार महिने पावसात बाहेर पडता आलं नाही तरी चूल अडता कामा नये. त्याच आठवड्यात बाबा अंगणात पोतं अंथरून गाडी उघडून बसायचे. आई त्याला गाडीचं पुरुमेंत म्हणायची. ते मी अजून करते, मिरगाच्या आधी, न चुकता.

टायरपासून सुरुवात. टायरच्या खाचा शोभेला नसतात; चाकाखाली आलेलं पाणी त्यांतून बाजूला फेकलं जातं आणि रबर डांबराला टेकतं. खाच भरून गेली की पाणी जायला वाट नाही, मग रबर पाण्यावरच राहतं. टायरच्या कडेला टीडब्ल्यूआय अशी अक्षरं किंवा छोटा त्रिकोण असतो. त्याच्या रेषेत खाचेत पाहिलं की तळाशी एक उंचवटा दिसतो. टायर झिजून त्या उंचवट्याला भिडला की तो संपला. दुचाकीसाठी कायद्याने ०.८ मिलिमीटर खोली पुरे आहे, पण ते कोरड्यात. गोव्याच्या पावसाला मला ते पुरेसं वाटत नाही. दोन मिलिमीटरच्या खाली गेलेल्या टायरवर मी जून काढत नाही, मग तो अजून तीन महिने चालला असता असं गॅरेजवाला कितीही सांगो.

आणि हवा. पावसाळ्यात हवा कमी ठेवली की टायर रस्त्याला जास्त चिकटतो, हे मी इतक्यांच्या तोंडून ऐकलंय की आता त्यांच्याशी बसून बोलावंसं वाटतं. हवा कमी असली की टायर मधोमध आत दबतो, खाचा मिटतात, आणि पाणी बाहेर फेकायचं सोडून ते तिथेच अडतं. कंपनीने सांगितलेली हवा पावसातही तेवढीच. मागे माणूस असेल तर मागच्या चाकात त्यांनीच सांगितलेली थोडी जास्त. तपासायची ती सकाळी, टायर थंड असताना.

ब्रेकच्या बाबतीत गोव्याचा पावसाळा विशेष वाईट आहे. आमची माती जांभ्याची, लाल, आणि तिच्यात बारीक खडे. पावसात ती चिखल होऊन उडते, डिस्क आणि पॅड यांच्यामध्ये जाते आणि सँडपेपरसारखी घासत राहते. जे पॅड उन्हाळ्यात वर्षभर गेले असते ते पावसाळ्यात दोन-तीन महिन्यांत उतरतात. म्हणून बाबा जुलैच्या मध्यावर, तरणा पाऊस सरून म्हातारा पाऊस लागायच्या सुमाराला, पुन्हा एकदा चाकं खोलायचे. चेनला दर मोठ्या पावसानंतर तेल. मागचा लाल दिवा रोज पुसायचा, कारण चिखलाने भरलेला दिवा असून नसल्यासारखा.

माझी नोकरी शिक्षिकेची. बरीच वर्षं मी वाळपईकडे होते. माशेलहून खांडोळा, आमोण्याचा पूल, साखळी, होंडा नावाचं गाव, आणि मग सत्तरी तालुक्याच्या हिरव्यात शिरणारा रस्ता. आमच्या शाळा जूनच्या पहिल्या आठवड्यात उघडायच्या आणि मिरग ७-८ जूनला लागतो, म्हणजे नवीन दप्तरं आणि पहिला पाऊस बरोबरच यायचे. मी पडले ती अशाच एका सकाळी. मुसळधार पावसात नाही. रिमझिम होती, एवढी हलकी की मी रेनकोटसुद्धा घातला नव्हता.

होंड्याच्या तिस्काअलीकडे, म्हणजे तिठ्याआधी, रस्ता किंचित वळतो तिथं, मी रोजच्याच वेगात होते. समोरून ट्रक आला, मी सवयीने ब्रेकला हात लावला, आणि मागचं चाक माझ्या डाव्या बाजूला येऊन उभं राहिलं. पुढचं आठवतं ते म्हणजे गुडघ्याखाली गरम सायलेन्सर आणि तळहातावर एक गुळगुळीत, साबणासारखा थर. बोटांनी चोळला तेव्हा तो लाल होता, आणि त्याला डिझेलचा वास होता.

आठ महिने रस्त्यावर जे काही सांडतं, इंजिनचं तेल, डिझेल, झिजलेल्या टायरची पूड, आणि त्या पट्ट्यात वर्षानुवर्षं खनिजाच्या ट्रकांनी पसरवलेली लाल धूळ, ते सगळं पहिल्या पावसात वर तरंगून येतं. पाणी पुरेसं नसतं म्हणून ते वाहून जात नाही, रस्त्यावर लेप होऊन बसतं. चांगला पाऊण तास कोसळला की रस्ता धुऊन निघतो आणि पकड थोडी परत येते. मोठ्या पावसाला सगळेच भितात, म्हणून सगळेच सावध असतात. रिमझिमीत कुणी घाबरत नाही. मला विचाराल तर वर्षातला सगळ्यात घसरडा रस्ता तोच: जूनच्या पहिल्या सरीची पहिली वीस मिनिटं, आणि नंतर चार दिवस ऊन पडून पुन्हा आलेली सर. त्या वेळी मी आता सरळ थांबते. रस्ता धुवून होऊ देते.

गुडघ्याला टाके पडले. बाबा बघायला आले तेव्हा त्यांनी माझा गुडघा पाहिला, मग अंगणात जाऊन गाडी पाहिली, आणि परत येऊन विचारलं, "फाटल्यान कोण आशिल्लो?" मागे कोणी नव्हतं. "आशिल्लो जाल्यार?" असता तर? एवढंच. मला त्या टाक्यांपेक्षा ते जास्त लागलं.

मी गणित आणि विज्ञान शिकवते. त्या वर्षी नववीला गतीचा धडा घेताना मी पुस्तकातलं उदाहरण बाजूला ठेवलं आणि मुलांना मैदानावर नेलं. साठच्या वेगाने जाणारी मोटरसायकल सेकंदाला जवळजवळ १७ मीटर कापते. समोर गाय दिसल्यापासून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला, तर तेवढे १७ मीटर ब्रेक न लावताच गेले. कोरड्या चांगल्या रस्त्यावर त्यानंतर थांबायला साधारण २० मीटर लागतात, म्हणजे क्रिकेटची एक खेळपट्टी. रस्ता ओला झाला आणि पकड निम्म्यावर आली असं धरलं, तर ४० मीटर, दोन खेळपट्ट्या. पहिले १७ मिळवून ५७. मुलांनी स्टंप रोवले. एका टोकाला एक मुलगा गाय होऊन उभा राहिला, दुसऱ्या टोकाला मी. त्या अंतरावरून त्याचा चेहरा ओळखू येत नव्हता.

मग उलट प्रश्न दिला: कोरड्यात साठने जाताना जेवढ्या जागेत थांबतो, तेवढ्यातच पावसात थांबायचं असेल तर वेग किती हवा? एका मुलीने वहीत सोडवून आणलं, साधारण पंचेचाळीस. वेग निम्मा केला की ब्रेकचं अंतर निम्मं होत नाही, पाव होतं, कारण सूत्रात वेगाचा वर्ग आहे. पंधरा किलोमीटर वेग कमी केल्याने साखळी ते वाळपई जास्तीत जास्त पाच-सहा मिनिटं उशीर होतो. वर्गात तेव्हा अर्ध्या मुलांचे वडील किंवा भाऊ दुचाकीवर कामाला जाणारे होते. तो गृहपाठ घरी सगळ्यांना दाखवा असं मी सांगितलं. परीक्षेत येणार नव्हता, तरी सगळ्यांनी सोडवून आणला.

माझी आताची गाडी १५० सीसीची आहे. १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं, ते तिला आहे. चाक अडकायला लागलं की एबीएस ब्रेक क्षणभर सोडतं आणि पुन्हा पकडतं, त्यामुळे चाक फिरत राहतं आणि हँडल हातात राहतं. मोठी गोष्ट आहे ही. त्या होंड्याच्या सकाळी माझ्या गाडीला ते असतं तर कदाचित मी उभी राहिले असते. पण रस्त्यात नसलेली पकड एबीएस आणून देत नाही, आणि वळणावर कलंडलेल्या गाडीला ते फारसं वाचवतही नाही. म्हणून ब्रेक वळणाआधी, गाडी सरळ असताना, आणि दोन्ही. पुढचा ब्रेक लावला की उलटून पडतो या भीतीने खूपजण, त्यात विशेषतः बायका, फक्त मागचाच दाबतात. थांबवण्याचं मोठं काम पुढचं चाक करतं, पावसातही. फक्त त्याला वजन घ्यायला क्षणभर द्यावा लागतो.

आमच्या माशेलला आषाढात चिखलकाला होतो. देवकीकृष्णाच्या देवळासमोरच्या मैदानात चिखल होतो आणि सगळा गाव त्यात उतरतो. मला गाडी शिकवायला घेतलं त्या वर्षी बाबांनी मला मैदानाच्या कडेला उभं केलं आणि म्हणाले, कोण पडतो ते बघ. पाय ताठ ठेवून, दात आवळून धावणारे पडत होते. म्हातारे, ज्यांचा चिखलाशी पन्नास वर्षांचा परिचय, गुडघे सैल ठेवून, पाऊल सपाट टाकत निवांत चालत होते. चिखल त्यांच्या पायाखाली हलला तरी ते वर हलत नव्हते. गाडीवर तसंच. टाकी गुडघ्यांनी धरायची, खांदे आणि कोपरं सोडून द्यायची. चाक पांढऱ्या पट्ट्यावरून किंवा पुलाच्या लोखंडी सांध्यावरून जाताना एखादी वीत सरकतं आणि पुन्हा पकडतं. हात सैल असले तर ते सरकणं हँडलातच विरतं. घट्ट धरलं तर आपण घाबरून ते वाढवतो.

रस्त्यावरचे पट्टे, झेब्रा क्रॉसिंग, गटाराची लोखंडी झाकणं, फेरीबोटीचा रॅम्प, हे सगळे पावसात काचेसारखे. त्यावर ब्रेक नाही, रेस नाही, कलंडणं नाही. सरळ तरंगत जायचं. आमच्याकडे त्यात भर पडते ती झाडांची. बांबूची पानं थरावर थर साचतात, आणि जुलैत वारा सुटला की माडाचं चुडत रस्त्यावर आडवं पडलेलं असतं. रस्त्याच्या मधोमध गाड्यांचं तेल ठिबकतं, कडेला चिखल आणि गटार, म्हणून पुढच्या चारचाकीचं चाक जिथून गेलं तो पट्टा धरायचा. तिथलं पाणी नुकतंच बाजूला झालेलं असतं. पण तिच्यापासून चार सेकंद मागे. एखाद्या खांबापाशी ती गेली की मनात म्हणायचं, एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन, एकशे चार. त्याआधी आपण खांबापाशी पोचलो तर जवळ आहोत.

बाबा १९८६ ची गोष्ट सांगतात. ५ जुलैला मांडवीवरचा जुना पूल कोसळला. १९७० साली झालेला, म्हणजे सोळा वर्षांचा पूल. मी तेव्हा पाच वर्षांची. पणजी आणि बेती यांच्यामध्ये पुन्हा फेरीबोटी आल्या आणि पायलटांना भाडं घेऊन रॅम्पवरून चढ-उतर करायची वेळ आली. तो रॅम्प म्हणजे शेवाळ, डिझेल आणि भरतीचं पाणी. बाबा भाड्याला वरच उतरवायचे, एकट्याने गाडी पहिल्या गिअरमध्ये, दोन्ही पाय टेकत खाली न्यायचे, आणि मग भाड्याला हाताला धरून आणायचे. काही भाडी चिडायची, चिखलात चालायला लावलं म्हणून. बाबा कधी वाद घालत नसत. "पावसाक घाई आसता, आमकां ना," म्हणत पुढे चालायचे.

ते न ऐकता मी पुढे गेले असते असा दिवस एकदाच आला. २३ जुलै २०२१, शुक्रवार. शाळा तेव्हा ऑनलाइन होत्या, आणि सत्तरीतल्या कितीतरी वाड्यांवर मोबाइलची रेंज पोचत नाही, म्हणून मी मुलांसाठी छापलेले सरावाचे कागद प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून निघाले होते. रात्रभर ओतत होतं. वाळवंटी फुगलेली, म्हादई तर वेगळीच. १९८२ नंतरचा गोव्यातला सगळ्यात मोठा पूर म्हणून तो दिवस नंतर सांगितला गेला. सकाळी सात वाजता ते कुणाला माहीत असणार.

एका व्हाळावरची मोरी पाण्याखाली गेली होती. पाणी मळकं, लाल, आणि वाहतं. दोन्ही बाजूंना चार-पाच गाड्या थांबलेल्या. पलीकडून एक दुधाच्या कॅन लावलेला तरुण ओरडून विचारत होता, येतं का बघू? गुडघाभरच होतं, बहुतेक. माझ्याकडे कागद होते, पलीकडे मुलं होती. मी पहिला गिअर टाकलाही.

साचलेल्या पाण्यातून गाडी काढता येते. पाणी सायलेन्सरच्या तोंडाखाली असेल, तळ ठाऊक असेल, तर पहिल्या गिअरमध्ये, एकसारखी रेस ठेवून, मध्ये न थांबता. बाहेर आल्यावर चालता चालता ब्रेक हलके दाबून सुकवायचे, कारण ओला ब्रेक पहिल्या दाबाला काही करत नाही. वाहत्या पाण्याचं गणित मात्र वेगळं आहे. ते चाकांना, इंजिनाला, पायांना आडवं ढकलतं, आणि वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. गाडी पाण्यात थोडी उचलली जाते, म्हणजे टायरवरचं वजन कमी होतं, पकड कमी होते, नेमकी जेव्हा ती हवी असते तेव्हा. आणि मोरी अजून खाली आहे की नाही, हे लाल पाण्यातून दिसत नाही.

मागे कोणी नव्हतं. मागे कोणी असतं तर? हा प्रश्न माझ्या मनात बाबांच्या आवाजात आला, आणि मी इंजिन बंद केलं. त्या तरुणाला दोन्ही हात हलवून नको म्हटलं. तो वळला. कागद मी आठ दिवसांनी पोचवले. मोरीचा एका बाजूचा कठडा आणि हातभर रस्ता तोवर गेला होता.

एका गोष्टीचा मला राग येतो आणि तो मी लपवणार नाही. मागे बसलेल्याने उघडलेली छत्री. वाऱ्याचा एक झोत आला की ती शीड होते. ती बाई मागे खेचली जाते, किंवा छत्री पुढे येऊन चालवणाऱ्याचे डोळे झाकते. दुसरी, टाकीवर किंवा दोघांच्या मध्ये उभं केलेलं मूल, रेनकोटच्या आत झाकलेलं, बिनहेल्मेटचं. चार वर्षांखालच्या मुलाला पट्ट्याने बांधून, हेल्मेट घालून, चाळीसच्या आत चालवायचा केंद्राचा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. शाळेच्या फाटकाशी मी आजवर असा पट्टा मोजून तीनदा पाहिला. पालकांना मी थांबवून सांगते, काहींना ते आवडत नाही. तिसरी, लोंबणारा घोळदार रेनकोट आणि ओढणी. चाकात आणि चेनमध्ये जाते, आणि माणसाला मागे ओढून पाडते. पावसात शर्ट-पँटसारखा दोन तुकड्यांचा रेनकोट, रंग पिवळा किंवा भडक नारिंगी, ओढणी आत खोचलेली. हेल्मेटची काच साधी, काळी नको. ती आतून धुरकटते म्हणून मी रात्री साबणाचा हलका हात फिरवून कोरड्या फडक्याने पुसून ठेवते.

थांबणं हाही चालवण्याचाच भाग आहे, असं बाबांच्या पिढीतले पायलट मानायचे. कुठे थांबायचं ते त्यांना पाठ असायचं. झाडाखाली नाही, कारण फांदी आणि वीज. उड्डाणपुलाखाली चालत्या रस्त्यावर गर्दी करून नाही, कारण मागून येणाऱ्याला पावसातून अचानक सुक्यात आल्यावर काही क्षण दिसत नाही. पत्र्याची शेड असलेला बसस्टॉप, देवळाचा मंडप, गाड्यावरचं चहाचं छप्पर, नाहीतर कुणाचाही बल्कांव, म्हणजे घरापुढची बसायची पडवी.

खांडोळ्याच्या उतारावर एक घर आहे. एका संध्याकाळी आमोण्याच्या पुलावरून उतरले आणि समोरचं सगळं पांढरं झालं. पुढच्या बसचा दिवा विझल्यासारखा गेला. मी ते फाटक दिसलं तसं गाडी रस्त्यावरून पूर्ण आत घेतली. बल्कांवातल्या सोप्यावर एक म्हातारी फणसाच्या आठळ्या सोलत बसली होती. "यो गो बाय, भिजता कित्याक?" म्हणाली, आणि भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे तीन खिळे ठोकलेले होते, रेनकोट अडकवायला. तिच्या घरात कुणी गाडी चालवत नाही. ते खिळे येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी आहेत.

त्यानंतर त्या बल्कांवात मी किती संध्याकाळी काढल्या असतील. एकदा माझ्याबरोबर एक पोदेर होता, पाव भिजू नयेत म्हणून टोपलीवर स्वतःचा रेनकोट घालून, स्वतः पूर्ण ओला. एकदा कॉलेजातली दोन मुलं, परीक्षेला उशीर होतोय म्हणून दर मिनिटाला उठणारी. म्हातारीने त्यांना चहा दिला आणि चहा इतका कढत होता की तो संपेपर्यंत सर ओसरली. पुढे कधीतरी त्यांतला एकजण तिथेच भेटला. पेपराला वीस मिनिटं उशीर झाला होता, बसू दिलं होतं. म्हातारी गेल्या पावसाळ्याआधी वारली. घर बंद असतं. खिळे आहेत, आणि सर आली की फाटक ढकलून कुणी ना कुणी आत शिरतं.

आता बाबा वयाच्या सत्तरीत आहेत. गाडी त्यांनी सोडली. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे महिन्यातून एकदा त्यांना पणजीला दाखवायला नेते. बस आहे, पण ते माझ्या मागे बसतात. बाणस्तारीचा पूल, खोर्ली, जुनं गोवं, रायबंदर, आणि मग तो लांबलचक सरळ बांध. १६३३-३४ साली व्हाइसरॉय लिन्यारिशने बांधलेला, तीन किलोमीटरांच्या वर, दोन्ही बाजूंना पाणी आणि खाजन, म्हणजे खाऱ्या पाण्याची सखल जमीन. त्यावर आसरा नाही, आणि मांडवीवरचा वारा आडवा लागतो. म्हणून आकाश काळं दिसलं की आम्ही रायबंदरातच थांबतो.

गेल्या ऑगस्टमध्ये परतताना आकाश मोकळं होतं, आणि अर्ध्या बांधावर सर आली. वेग पस्तीसवर आणला. वारा डावीकडून, म्हणून किंचित डावीकडे झुकून. बाबा मागे स्वस्थ, हात माझ्या खांद्यांवर नाहीत, मागच्या दांड्याला. भाड्यांना ते तसंच धरायला सांगत. इतक्यात कठड्यावरून एक कुत्रं उतरलं आणि रस्त्यात उभं राहिलं. मी दोन्ही ब्रेक पिळले, हलके, मग घट्ट. गाडी सरळ थांबली, कुत्र्याच्या दोन हात अलीकडे. आणि अगदी शेवटच्या क्षणी हेल्मेटला हेल्मेट लागलं. टक.

इतक्या वर्षांत त्यांच्यामागे बसून जो आवाज मी कधी ऐकला नाही तो.

बाबा काही बोलले नाहीत. कुत्रं गेलं, आम्ही निघालो. रायबंदरला बसस्टॉपच्या शेडमध्ये मी गाडी घेतली, हेल्मेट काढलं आणि विचारलं, लागलं का? त्यांनी मान हलवली. खाली वाकून पुढच्या चाकाकडे पाहिलं, डिस्कवरून अंगठा फिरवला, बोटाला आलेलं लाल-काळं पाणी मला दाखवलं.

"फुडल्या ब्रेकाचो आवाज बदल्ला," म्हणाले. "सकाळीच म्हज्या कानार आयलो. पॅड पळय."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या आधी मी माशेलच्या गॅरेजात गेले. पोराने कॅलिपर सोडवला, दोन्ही पॅड काढले आणि काही न बोलता माझ्या तळहातावर ठेवले. डावा बरा होता. उजव्याचं रबरासारखं काळं अस्तर एका कडेने संपून आतला पत्रा चकाकत होता.